पाखरांची वैरीण

मंजुळाबाईला पाखरं आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण ख्रिस्ती बाईची गोष्ट आणि त्यात पाखरं म्हटलं की लोक लगेच डोळे पुसायला पदर शोधतात. तिला पाखरांचा मनापासून राग होता. चिमण्या तिला चोरट्या वाटत, राघू माजलेले वाटत, आणि भोरड्यांचं नाव काढलं की ती थुंकायची. थंडी पडली की या भोरड्या, काळ्या डोक्याच्या आणि गुलाबी पाठीच्या, हजारोंनी येतात आणि ज्वारीच्या रानावर उतरतात. उठतात तेव्हा कणसात भुसा उरतो.

तिचा धंदाच तो होता, पाखरं हाकायचा. आमचं गाव वडवणीपासून दोन कोसांवर, राज्य निजामाचं, आणि मोठ्या तापाची साथ यायला अजून काही वर्षं होती. तिचं माहेर चकलांब्याचं, आमच्या गावच्या मांगवाड्यात दिलेली. नवरा पटकीनं लवकर गेला आणि मागं आंधळी सासू ठेवून गेला. पावसाळ्यात ती दोर वळायची आणि हिवाळ्यात सुंदरराव देशमुखांच्या ज्वारीची राखण करायची. रानाच्या मधोमध बाभळीच्या चार मेढी रोवून वर माळा बांधलेला असे. कणसात दूध भरलं की तांबडं फुटायच्या आत त्यावर चढायचं आणि दिवस बुडाल्यावर उतरायचं. हातात गोफण, पायाशी खड्यांचा ढीग. राखणीबद्दल खळ्यावर ज्वारी मिळे आणि त्या ज्वारीवर सासू-सून वर्ष काढत.

नाव मंजुळा, पण गळा असा की तिनं माळ्यावरून हाळी दिली तर बाजाराला निघालेले बैल वाटेत थबकत. हे सगळं मला आजीनं सांगितलं. आजी म्हणजे विमलबाई, आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच आश्रुबा यांची बायको. आश्रुबा माझे आजोबा. त्यांचा मला अजून राग येतो, आणि ते मला लपवायचं नाही.

आमची मंडळी म्हणजे बहुतेक महारवाड्यातली घरं. चावडीपुढून वहाणा काखेत धरून चालणारी, ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी पिणारी माणसं. मिशनच्या साहेबाचा टांगा वर्षातून दोनदा यायचा. नगरकडून आलेले शहादेव मास्तर गावात राहून शाळा चालवायचे, उपदेश करायचे. माणसांनी बाप्तिस्मा घेतला, गायरानाच्या कडेला मातीचं देऊळ बांधलं, साहेबानं वर पत्रे दिले. देवापुढं सगळी सारखी झाली. आणि सारखी होताच त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मांगवाड्यातून आलेल्या दोन घरांना दाराशी बसवलं. ज्यांना जन्मभर दारात उभं केलं होतं, त्यांना दार म्हणजे काय हे चांगलं ठाऊक होतं. प्रभुभोजनाचा पेलाही त्या दोन घरांकडे सगळ्यांच्या शेवटी जायचा. एक घर या अपमानानं महिन्याभरात परत गेलं. मंजुळाबाई राहिली.

का राहिली, हे आजीनं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, जन्मल्यापासून मला कुणी ए मांगिणी म्हणलं, कुणी मंजुळी म्हणलं. मास्तरनं डोक्यावर पाणी घालताना पहिल्यांदा मंजुळाबाई म्हणलं. आता ते नाव ज्या घरात पडलं ते घर सोडून कुठं जाऊ? तिचं म्हणणं एवढंच होतं.

एका रविवारी मास्तरांनी पाखरांवर उपदेश केला. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी देव त्यांचं पोट भरतो. मग तुम्ही कशाला चिंता करता, असा. सगळ्यांनी माना डोलावल्या. दाराशी बसलेली मंजुळाबाई मोठ्यानं बोलली, "मास्तर, कुणाच्या रानातून भरतो ते बी सांगा की."

बायका पदरात हसल्या. मास्तरही हसले, माणूस वाईट नव्हता. पण आजोबांच्या कपाळावर आठी चढली. देवाच्या वचनात तोंड घालते म्हणाले. मास्तरांनी विषय पुढं नेला. मंडळी होल्यासारखी असावी, ते कबुतराच्या जातीचं गरीब पाखरू, कुणाला इजा न करणारं, आपापसात प्रेमानं राहणारं. आता होल्याबद्दल कुणी मंजुळाबाईला सांगावं म्हणजे कहरच. होला दिसतो गरीब, ती म्हणाली, पण दाण्यावर दुसऱ्या होल्याला उभा राहू देत नाही, पंखानं झोडतो. आणि घरटं कसलं, चार काड्या आडव्या टाकल्या की झालं. वाऱ्यानं अंडी खाली. तसली मंडळी काय करायची?

मग कोणत्या पाखरासारखी मंडळी असावी, असं मास्तरांनी सहज विचारलं. ती म्हणाली, सातभाईसारखी.

सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचे, विस्कटलेल्या पिसांचे, सदा घोळक्यानं. उकिरड्यावर, बोरीखाली, पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतात आणि दिवसभर कलकलाट करतात. ज्वारीला फारसे शिवत नाहीत म्हणून मंजुळाबाईनं त्यांच्यावर कधी खडा टाकला नव्हता. तिच्या तोंडून ही केवढी मोठी स्तुती होती ते कुणाला कळलं नाही. ती सांगू लागली की माळ्याखाली एकदा शिक्र्यानं, त्या शिकारी पाखरानं, त्यातल्या एकाला धरलं. बाकीचे पळाले नाहीत. सगळे मिळून शिक्र्याच्या अंगावर गेले, ओरडून ओरडून त्याला भंडावलं, तेव्हा त्यानं पकड सोडली. आणि सुटलेला जीव अजून लंगडतोय तोवर ते पुन्हा आपापसात भांडायलाही लागले.

ती बोलत होती, पण सातभाई म्हणताच लोकांच्या डोळ्यांपुढं आला होता तो उकिरडा. ज्यांच्या बापजाद्यांना गावानं उकिरड्याकाठी बसवलं, मेलेली ढोरं ओढायला लावली, ती ही माणसं. आजोबा ताडकन उठले. आम्हाला उकिरड्यावरची पाखरं म्हणते, आणि तेही दाराशी बसून, म्हणाले. मंजुळाबाईला काय चुकलं ते समजेना. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मास्तरांनी घाईनं गीत सुरू केलं.

तिथून आजोबा तिला पाण्यात पाहू लागले. निमित्त हवं होतं, ते रविवारनं दिलं. मंडळीचा नियम होता, आइतवारी काम करायचं नाही. पण भोरड्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. पौष महिन्यात मंजुळाबाई रविवारी देवळात यायची बंद झाली आणि माळ्यावर राहू लागली. देशमुखांचं रान देवळाला लागूनच. त्यामुळं मास्तर इकडं प्रार्थना सांगत आणि तिकडून गोफणीचा फटकारा आणि तिची हाळी ऐकू येई. आजी म्हणायची, आमेन म्हणायच्या जागी तिची हाळी नेमकी पडायची आणि आम्ही हसू दाबून बसायचो. मंजुळाबाईला स्वतःला यात काही वावगं वाटत नव्हतं. ती म्हणायची, मला वरून सगळं ऐकू येतं, गीत म्हणता तेव्हा मीही म्हणते.

मग एका रविवारी भोरड्यांचा मोठा थवा आला. रानावरून उठवला तर देवळाजवळच्या लिंबावर बसला, तिथून उठवला तर पुन्हा रानात. मंजुळाबाईनं खडा घातला तो लिंबावरून निघाला आणि देवळाच्या पत्र्यावर आदळला. आत डोळे मिटून प्रार्थना चालली होती. पत्र्याचा आवाज असा झाला की दोन पोरं रडायला लागली आणि आजोबा बाकाखाली वाकले. वाकले, हे आजीनं पाहिलं. तेच त्यांना जास्त झोंबलं असावं.

सभा बसली. सभेतले सगळे बापे. बायका भिंतीला टेकून गप्प. मास्तरांना प्रकरण मिटवायचं होतं. रविवारी माळ्यावर जाणार नाही एवढं म्हण, असं त्यांनी तिला समजावलं. तिनं विचारलं, मग रान कोण राखील? कुणीतरी म्हणालं, देव राखील. ती म्हणाली, तुम्हीच म्हणता तो पाखरांचं पोट भरतो. त्यानं दोन्हीकडची चाकरी कशी करावी? रान खाल्लं तर देशमुख ज्वारी देणार नाही, माझी सासू काय खाईल, तेही सभेनं ठरवावं.

ते सभेनं ठरवलं नाही. नाकानं कांदे सोलणारी माणसं अशा वेळी नियम सांगतात, भाकरीचं सांगत नाहीत. मंडळीतला बंकट नावाचा एकजण स्वतः दर रविवारी म्हशी चारायला न्यायचा, त्यानंही हात वर केला. आजोबांनी निकाल सांगितला की मंजुळा जोवर आइतवार पाळत नाही आणि सगळ्यांपुढं माफी मागत नाही, तोवर ती मंडळीबाहेर. बाई हा शब्द त्यांनी तेव्हाच काढून घेतला होता. ती उठली. माळ्यावर गोफण राहिली होती, ती आणायला गेली. त्या रात्री आजी जेवली नाही आणि आजोबांनी कारण विचारलं नाही.

गावात गोष्ट लपत नाही. सुंदरराव देशमुखांना कळलं तेव्हा त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या असतील. मंडळीतल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं आणि वेठीचं काम सोडलं होतं, तेव्हापासून देऊळ त्यांच्या डोळ्यात सलत होतं. देवळाची जागा त्यांच्या वडिलांनी, थोरल्या देशमुखांनी, तोंडी दिलेली. थोरले वारले होते. सुंदररावांनी तहसिलीत तक्रार केली की या लोकांनी जागा बळकावली, देऊळ पाडावं. मंडळीतल्या कुणाची साक्ष चालणार नव्हती, उंदराला मांजर साक्ष म्हणून उडवून लावता आली असती. त्यांना हवा होता बाहेरचा साक्षीदार, आणि मंडळीनं तो आपल्या हातानं करून दिला होता.

त्यांनी मंजुळाबाईला वाड्याच्या ओट्याखाली बोलावलं. तिला एवढंच सांगायचं होतं की थोरल्या मालकांनी जागा दिली नाही. बदल्यात देशमुखांच्या दोन्ही मळ्यांची राखण कायमची तिची, आणि मांगवाड्याला त्यांच्या विहिरीच्या थारोळ्यातून पाणी. जनावरं पितात तिथलं. तेसुद्धा मोठं दान होतं त्या काळी. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. अंमलदार आल्यावर सांगते, म्हणाली.

पुढच्याच रविवारी तहसिलीतला अंमलदार घोड्यावरून आला. देवळापुढं बाज टाकून बसला. एका बाजूला देशमुख आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला मंडळी, हात बांधून, तोंडं उतरलेली. मंजुळाबाईला माळ्यावरून खाली बोलावलं, तशी ती गोफण खांद्यावर टाकून आली. देशमुखांनी अंमलदाराला सांगितलं की हिला या लोकांनी हाकलून दिलंय, हिला त्यांची काही पडलेली नाही, हीच खरं सांगेल. अंमलदारानं तिला विचारलं, ही माणसं कशी आहेत?

ती म्हणाली, "लई वाईट हायेत, साहेब. भांडकुदळ हायेत. मला दाराशी बसवत्यात. पेला सगळ्यांच्या मागून देत्यात. हा बंकट आइतवारी म्हशी चारतो अन् मला आइतवार शिकवतो. अन् हे आश्रुबा, ह्यांच्याइतका घमेंडखोर माणूस म्या बघितला न्हाई."

देशमुख खूश होऊन मिशीवर हात फिरवू लागले. आजी सांगायची, तुझ्या आज्यानं खाली मान घातली ती घातलीच. अंमलदारानं जागेचं विचारलं.

जागा त्यांचीच, ती म्हणाली. थोरले मालक स्वतः आले होते, काठीनं रेघ ओढून दाखवली होती, इथून तिथवर बांधा म्हणाले होते. भिंतीची माती आपण डोक्यावर वाहिली, तेव्हा आपण तिथंच उभ्या होतो. आणि हे सुंदरराव मालकही होते, घोड्यावर बसून होते.

देशमुख बाजेजवळ धावले. ही त्यांचीच आहे, किरिस्तावीण आहे, हिचं काय ऐकता, म्हणाले. आता खरा पेच होता. मी त्यांची नाही एवढं ती म्हणाली असती तर साक्ष पक्की झाली असती, आणि त्यात खोटंही नव्हतं. सभेनं तसं ठरवलंच होतं. अंमलदारानं तिला नीट विचारलं, तू यांची आहेस का नाहीस?

मंजुळाबाई म्हणाली, "त्यांनी मला काढलंय. म्या त्यांना कुठं काढलंय?"

अंमलदार हसला. देशमुखांना म्हणाला, जी बाई आपल्या माणसांच्या तोंडावर एवढं वाईट बोलते, ती त्यांच्यासाठी खोटं कशाला बोलेल. आणि साक्षीदार तर तुम्हीच आणलात. देऊळ राहिलं. तो घोड्यावर चढून गेला आणि मंडळीतली माणसं आपापल्या घरी पांगली. तिला दोन शब्द बोलायला एकही बाप्या पुढं आला नाही. हे आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

देशमुखांनी त्याच दिवशी तिला माळ्यावरून उतरवलं आणि दुसऱ्या माणसाला चढवलं. खळ्यावर ज्वारी मिळायची होती ती गेली. सासू-सुनेनं त्या हिवाळ्यात काय खाल्लं ते मला नेमकं माहीत नाही. आजी रात्रीची भाकरी पदराखाली नेऊन द्यायची, एवढं तिनं मला सांगितलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. राखण गेल्यामुळं मंजुळाबाईला रविवारी काम उरलं नव्हतं. ती धुतलेलं लुगडं नेसून देवळाशी आली आणि दाराशी आपल्या जागेवर बसायला लागली. आजोबा आतून म्हणाले, अजून सभा बसली नाही, माफीही झाली नाही, तोवर बाहेर. इतकं सगळं झाल्यावर हे म्हणाले. ती उंबऱ्याबाहेर मातीत बसली.

तेव्हा आजी उठली. बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढं पंचाची बायको बसायची, तिथून उठून ती माणसांमधून वाट काढत बाहेर गेली आणि मंजुळाबाईला खेटून मातीत बसली. मास्तरांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, आणि मनुका भिजवलेल्या पाण्याचा पेला उचलला. रीत अशी की पेला आधी पंचाच्या घरच्या बाईला द्यायचा, मग पंचाला. मास्तर क्षणभर थांबले. मग पेला घेऊन उंबरा ओलांडून बाहेर आले आणि आजीच्या हातात दिला. आजीनं तो तोंडाला लावला नाही. मंजुळाबाईला दिला. मास्तरांना तो काढून घेता आला असता. त्यांनी घेतला नाही.

मंजुळाबाई प्याली, मग आजी प्याली. मास्तरांनी पेला आत नेऊन आजोबांपुढं धरला. आजोबांनी तो घेतला आणि हातात धरून उभे राहिले. मांगिणीच्या ओठांचा पेला. घराण्यात कुणी तो प्याला नव्हता. नाही प्यावं तर मंडळीबाहेर कोण, तेही आता सगळ्यांना दिसलं असतं.

मंजुळाबाई बाहेरून म्हणाली, "प्या की आश्रुबा. म्या जास्त पिले न्हाई, तुमच्यासाठी राखलंय."

आजोबा प्याले. कडू काढा प्यावा तसं तोंड केलं, पण प्याले. मग तिच्याकडे न बघता, चिडक्या आवाजात म्हणाले, "मंजुळाबाई, आत येऊन बसा. ऊन लागंल."